जुना डेक, नवा टीव्ही आणि मधली छोटी डबी

घरात नवा टीव्ही आला की पहिले काही दिवस सारे घर चित्राकडे पाहत असते. आवाजाकडे लक्ष जाते ते आठवड्याभराने. पडदा चाळीस-त्रेचाळीस इंचांचा झाला, पण जाडी मात्र बोटभर. त्या बोटभर जागेत बसवलेले स्पीकर ते किती मोठे असणार? बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि ढोलकी तर ढोलकी वाटतच नाही. मग कपाटावर कापड घालून ठेवलेल्या जुन्या डेककडे नजर वळते. कोणी तो बोनसच्या पैशांतून घेतलेला असतो, कोणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओळखीच्या मेकॅनिककडून जोडून घेतलेला असतो, तर कोणाकडे सोनोडाईन किंवा कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर असतो. दिवा लागतो, स्पीकरच्या लाकडी पेट्या शाबूत आहेत. टीव्हीची वायर तेवढी लावावी म्हणून मागे हात घालावा, तर लाल-पांढरे सॉकेट जागेवर नाहीच!

दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले. "काका, हे आता भंगारात द्या. साउंडबार घ्या, हप्त्यावर करून देतो." साउंडबार वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. पण आठ-दहा हजारांच्या हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी आणि चांगला चालणारा ॲम्प्लिफायर वजनावर विकण्यापूर्वी एक गोष्ट वाचकांना माहीत असावी असे आम्हास वाटते. या दोन पिढ्यांच्या यंत्रांमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक डबी मिळते. ती काड्यापेटीहून थोडी मोठी असते आणि तिची किंमत तीन-चारशे रुपयांपासून सुरू होते.

या डबीचे इंग्रजी नाव डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. आद्याक्षरे जोडून लोक तिला 'डॅक' म्हणतात. तिचे काम नीट समजले तर खरेदीत फसगत होण्याचा संभव कमी, म्हणून तेवढे सविस्तर सांगतो.

आवाज म्हणजे हवेतील लहरी. कॅसेटमध्ये या लहरींची नक्कल चुंबकीय फितीवर चढ-उतारांसह उतरवलेली असे. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून तयार केलेली सीडी बाजारात आली आणि पद्धतच बदलली. सीडीवर लहर नसते, आकडे असतात. एका सेकंदात ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर पडते ते लिहून ठेवायचे. यालाच १६ बिट म्हणतात. मोबाईलमधील गाणे, यूट्यूबवरील भाषण, टीव्हीवरील मालिका, या साऱ्यांचा आवाज आज अशा आकड्यांच्याच रूपात येतो.

पण स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला कमी-जास्त होणारा विद्युतदाब लागतो. त्या दाबाने त्याचा कागदी कोन पुढे-मागे हलतो आणि हवा हलते. दवाखान्यात परिचारिका दर काही तासांनी रुग्णाचा ताप पाहून तक्त्यावर टिंब मांडते आणि टिंबे जोडली की तापाची रेघ दिसते, हे आपण पाहिले असेल. डॅक म्हणजे ही रेघ ओढणारा. फरक इतकाच की दोन टिंबांच्या मधला ताप कोणालाच ठाऊक नसतो, आवाजाचे मात्र तसे नाही. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली तर मधली रेघ अचूक परत ओढता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ४४,१०० हा आकडा त्यातूनच निघालेला आहे. म्हणून "डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, महाग डबीच ते तुकडे जोडते" असे कोणी सांगू लागला तर मान डोलवू नये.

आता प्रश्न असा, की डॅक वेगळा विकत घ्यावाच लागतो काय? टीव्हीत, मोबाईलमध्ये, सीडी प्लेयरमध्ये तो आतच बसवलेला असतो, नाहीतर त्यांच्यातून आवाजच आला नसता. तेव्हा आधी घरातील वस्तू उलट करून पाहा. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचे गोल सॉकेट असेल तर पन्नास-शंभर रुपयांची एक वायर पुरते. तिच्या एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असतात. डिश टीव्हीच्या किंवा केबलच्या अनेक सेट-टॉप बॉक्सला अजूनही लाल-पांढरे आउट असते. घरात चॅनेलच पाहिले जात असतील तर तेथून आवाज थेट ॲम्प्लिफायरला देता येतो. केवळ मोबाईलवरील गाणी ऐकायची असतील तर तीन-चारशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हरही चालतो, त्याच्या पोटातही डॅकच असतो. टीव्हीला मात्र ब्लूटूथ लावले तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असा त्रास पुष्कळदा होतो.

वेगळा डॅक खरोखर लागतो तो पुढील घरांत. ज्यांच्या टीव्हीला केवळ ऑप्टिकल किंवा एचडीएमआय आउट आहे, तेथे. ज्यांच्या मोबाईलला हेडफोनचे सॉकेट नाही, तेथे. (ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ वरून ते काढून टाकले आणि मग इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला.) आणि ज्यांच्या कॉम्प्युटरच्या आवाजात सतत घूं-घूं किंवा माऊस हलवला की किर्र ऐकू येते, तेथे.

टीव्हीचे जोडकाम आधी पाहू, कारण बहुतेकांची अडचण तीच आहे. टीव्हीच्या मागे लहान चौकोनी दार असलेले एक सॉकेट असते. टीव्ही चालू असताना दार ढकलून पाहिले तर आत लालसर उजेड दिसतो. हे ऑप्टिकल आउट. जपानच्या तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये ही पद्धत आणली. या वायरमधून वीज जात नाही, उजेड जातो. त्यामुळे टीव्हीच्या बाजूची घूं-घूं या वायरवाटे ॲम्प्लिफायरपर्यंत पोचू शकत नाही, हा तिचा मोठा गुण. डबीच्या एका अंगाला ही वायर लावायची आणि दुसऱ्या अंगाच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून ॲम्प्लिफायरला जायचे. एवढेच काम, तरीही घरोघरी तीन-चार ठिकाणी गाडी अडते.

नव्या ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या काढल्याच नाहीत तर वायर नीट बसत नाही आणि आवाज येत नाही. ही वायर काटकोनात दुमडू नये आणि तिच्यावर कपाटाचा पाय ठेवू नये. आतून तुटली तरी बाहेरून कळत नाही.

याहून मोठी अडचण टीव्हीच्या सेटिंगची. टीव्ही पुष्कळदा ऑप्टिकलमधून डॉल्बी पद्धतीने बांधलेला आवाज पाठवतो, आणि स्वस्त डबीला ती गाठ सोडवता येत नाही. मग स्पीकरमधून काहीच येत नाही, किंवा नुसता टिक-टिक, खर्र असा आवाज येतो. लोक समजतात डबी खराब निघाली, आणि दुकानदारही कंटाळून बदलून देतो. दुसरीही तशीच! उपाय अगदी साधा आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड, त्यात डिजिटल आउटपुट किंवा ऑडिओ फॉरमॅट असे लिहिलेले असेल तेथे जाऊन 'पीसीएम' निवडावे. पीसीएम म्हणजे वर सांगितलेले साधे, न बांधलेले आकडे. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही असाच पर्याय असू शकतो, तोही पाहावा. घरातील आठवी-नववीतील मुलीकडे रिमोट दिला तर हे काम दोन मिनिटांत होते, असा आमचा अनुभव आहे.

डबीला वीज लागते ती मोबाईलच्या चार्जरएवढीच, पाच व्होल्ट. टीव्हीच्या यूएसबी सॉकेटमधून ती घेतली की टीव्हीबरोबर डबीही चालू-बंद होते, ही सोय चांगली. पण तसे केल्यावर घूं-घूं सुरू झाली तर टीव्हीची वीज सोडून जुन्या मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. येथे एक गोष्ट बजावून सांगतो. घूं-घूं घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या तीन पिनी प्लगमधील अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. तो मुळीच ऐकू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

ॲम्प्लिफायरच्या बाजूला वायर 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'टेप इन' असे लिहिलेल्या जागी लावावी. 'फोनो' लिहिलेल्या जागी लावू नये. ती जागा रेकॉर्ड प्लेयरसाठी असते, तेथे आवाज फाटून येतो. बऱ्याच जुन्या भारतीय यंत्रांना लाल-पांढऱ्या सॉकेटऐवजी पाच छिद्रांचे गोल डिन सॉकेट असते. त्यासाठी जोडवायर मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत विचारले की दुकानदार काढून देतो.

आणखी एक अडचण म्हाताऱ्या माणसांची. कित्येक टीव्हींच्या ऑप्टिकलमधून येणारा आवाज एकाच पातळीचा असतो, टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त होत नाही. दर वेळी उठून ॲम्प्लिफायरचे बटण फिरवावे लागते. घरात गुडघे दुखणाऱ्या आजी एकट्या टीव्ही पाहत असतील तर हा विचार आधी करावा. आवाजाचे बटण किंवा रिमोट असलेली डबी थोडे अधिक पैसे देऊन घ्यावी, किंवा टीव्हीला हेडफोनचे सॉकेट असल्यास तेथूनच आवाज घ्यावा. तो बहुधा रिमोटने कमी-जास्त होतो.

मोबाईलचे जोडकाम त्या मानाने सोपे. टाईप-सी पिनेची बोटभर वायर मिळते, दुसऱ्या टोकाला हेडफोनचे सॉकेट. त्या इवल्या वायरच्या पिनेतच डॅकची चिप असते. मात्र बाजारात बाहेरून हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत चिप नसलेली नुसती वायरही मिळते. ती काही ठरावीक फोनांवरच चालते, बाकीच्यांवर गप्प बसते. दुकानात "चिपवाली, डॅकवाली द्या" असे स्पष्ट सांगावे आणि आपला फोन लावून तेथेच वाजवून पाहावे. ॲपलची अशी वायर हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि मोजमापात ती पुष्कळ मोठ्या डबड्यांच्या तोडीस उतरते. अडचण एवढीच की अनेक अँड्रॉइड फोनांवर तिचा आवाज दबका येतो. ॲम्प्लिफायरचे बटण थोडे वाढवले की काम भागते. फोन वायरने जोडलेला असताना मध्येच मेसेजची टिंग स्पीकरमधून घरभर घुमते. तेव्हा गाणी फोनमध्येच साठवलेली असतील तर फोन विमान मोडवर टाकलेला बरा.

आता आकड्यांच्या मोहाविषयी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, काहींवर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असे छापलेले असते. दुकानदार म्हणतो, "ताई, बिट जास्त तेवढा आवाज बारीक." हे खरे नाही. बिट वाढल्याने गाण्यात नवे काही भरले जात नाही. पार्श्वभूमीला असणारी अगदी मंद सळसळ तेवढी आणखी खाली जाते. १६ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि ही सळसळ यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. आपल्या खोलीत डोक्यावर पंखा फिरतो आहे, खाली रिक्षा हॉर्न देते आहे, शेजारी कुकरची शिट्टी होते आहे. त्या गोंगाटात ९६ डेसिबलखालची सळसळ ऐकणारा कान अजून जन्मायचा आहे. फिलिप्सचे पहिले सीडी प्लेयर तर १४ बिटच्या चिपवर चालत. ती चिप चौपट वेगाने चालवण्याची युक्ती इंजिनियरांनी केली होती, आणि जगाने त्या आवाजाची वाहवा केली.

यावर प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना उंची प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या १६ बिटमधून गाळून घेतलेले, असे न सांगता ऐकवले. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे निम्म्याहूनही किंचित कमी, नाणे उडवून उत्तर द्यावे तसे. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस या संशोधकाने अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली. म्हणजे फरक अगदीच नाही असे म्हणता येत नाही. पण तेवढ्या फरकासाठी घरातील कोणत्या खर्चाला कात्री लावायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय वय वाढते तसा कानाचा वरचा टप्पा उतरत जातो, हेही ध्यानात घ्यावे.

मूळ आवाजच अधू असेल तर कोणतीही डबी त्याला धडधाकट करू शकत नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट दुकानातून मेमरी कार्डवर उतरवून घेणारी पुष्कळ घरे आहेत. सीडीवर एका सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते, मेमरी कार्डवरील साध्या एमपी३ मध्ये ती १२८ किलोबिटवर आणलेली असते. त्यात मूळ कॅसेट पुन्हा पुन्हा वाजून झिजलेली. जे गाळून टाकले ते गेले. अशा वेळी डॅकवर हजारो रुपये घालण्यापेक्षा तेच गाणे चांगल्या प्रतीत मिळते का ते शोधावे.

आमच्या मते डॅकच्याही आधी स्पीकरकडे पाहावे. जाळी काढून कोनाच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहा. वीस-पंचवीस वर्षांत तो कुजून भुगा होतो, आणि मग ठेका घुमण्याऐवजी फडफडतो. नवी कड बसवून देणारे कारागीर अजून आहेत. आवाजाचे बटण फिरवताना करकर होत असेल तर मेकॅनिककडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून घ्यावा. काही शे रुपयांच्या या दोन कामांनी जो फरक पडतो, तो दहा हजारांच्या डॅकनेही पडणार नाही.

किमतीविषयी आमचे मत स्पष्टच सांगतो. टीव्हीचा आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला द्यायचा एवढेच काम असेल तर चारशे ते आठशे रुपयांची ऑप्टिकलची डबी पुरते. या डब्यांवर कंपनीचे नाव धड नसते आणि दोन डब्या सारख्या निघतीलच याची खात्री नसते, हा त्यांचा दोष. थोडे टिकाऊ हवे असेल तर फिओसारख्या नाव असलेल्या कंपनीची दोन-तीन हजारांपर्यंतची घ्यावी. त्यावर, दहा हजार आणि पुढे, टॉपिंग, एसएमएसएल अशा कंपन्यांचे डॅक आहेत. ते चांगले आहेत यात शंका नाही. पण ज्याचे स्पीकरच पाच हजारांचे आहेत त्याने ते घेणे म्हणजे सायकलला मोटारीचे चाक लावणे. कोणत्या देशाची चिप, कोणत्या क्रमांकाची, या वादात शिरू नये. आज साध्या चिपाही सीडीला पुरून उरतात. डबीचा बरेवाईटपणा तिच्या वीजपुरवठ्यावर आणि बांधणीवर अधिक ठरतो.

घेताना खोक्यावर 'डिजिटल टू ॲनालॉग' हेच शब्द आहेत ना ते नीट वाचावे. अगदी तशीच दिसणारी, पण उलट दिशेने काम करणारी 'ॲनालॉग टू डिजिटल' डबीही शेजारीच टांगलेली असते. ऑप्टिकलचे सॉकेट 'इन' आणि लाल-पांढरे 'आउट' असले पाहिजे. टीव्हीला ऑप्टिकल नसून केवळ एचडीएमआय एआरसी असेल तर एचडीएमआय एआरसीचे सॉकेट असलेली डबी मागावी, साधी चालणार नाही.

आणि कोणी महाग डबी दाखवून "फरक ऐका" म्हणाला तर दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणून ऐकवायला सांगावे. जी डबी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला नेहमीच सरस वाटते, आणि हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. शक्य असेल तर दोन्ही डब्या घरी आणाव्यात. एकाने पडद्याआड राहून नाणे उडवून कोणती लावायची ते ठरवावे, दुसऱ्याने ओळखावे. गाणे एकच, पातळी एकच, असे दहा वेळा करावे. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर ओळखले तर फरक खरा समजावा, कारण नुसत्या अंदाजाने तसे होण्याचा संभव शंभरात एक इतकाच आहे. पाच-सहा वेळाच जमले तर महाग डबी परत करावी. त्यासाठी बिल पक्के घ्यावे, खोके फाडू नये, आणि परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पैसे देण्यापूर्वी विचारून बिलावरच लिहून घ्यावे.